नुसती दोरी ओढायची

…आणि वर म्हणतात कसे, "त्यात काय आहे, नुसती दोरी ओढायची." नुसती. मला सांगा, या 'नुसती' शब्दावर अजून कुणी बंदी कशी घातली नाही? ज्यानं एखादं काम हजार वेळा केलेलं असतं तो म्हणतो नुसती, ज्यानं जन्मात केलेलं नसतं तोही म्हणतो नुसती, आणि या दोन नुसतींच्या मध्ये जो सापडतो त्याची बोटं बघा एकदा. बघा ना. ही करंगळी अजून वाकत नाही. हे अंगठ्याचं नख… आता कुठे परत यायचं म्हणतंय.

हसताय तुम्ही. हसा. पुढच्या काचेचं रबर कधी बसवलंय? नाही ना? मग ऐका.

आमच्याकडे एक गाडी आहे. बाबांची. आईच्या आधी वर्षभर ती घरात आली, म्हणून आई तिला 'थोरली' म्हणते. म्हणजे मी उशिरा झालेली, एकुलती एक, पण घरात लाड थोरलीचे. थोरलीला आंघोळ दर रविवारी, मला शाळेत असताना बाबांनी विचारलंय, "अगं, तू कितवीत?" थोरलीचा प्रत्येक नट त्यांना पाठ होता हो. कासवासारखी पाठ, गोल डोळे, नाकावर चकचकीत पट्टी… दिसायला अजून देखणी आहे, उगाच कशाला खोटं बोलू. फक्त एक खोड. पुढच्या काचेभोवतीचं रबर बाबांच्या लग्नातच कडक झालेलं होतं म्हणे. मी चालायला लागले तोवर त्याचं लाकूड झालं होतं. त्यातून पाऊस आला की पाणी थेट आईच्या मांडीवर, म्हणून आईच्या मांडीवर कायम टॉवेल, आणि गाडीनं चाळीसचा वेग गाठला की शिट्टी. शिट्टी म्हणजे साधी नाही. कुकरला वेदना झाल्या तर तो जशी वाजवेल तशी. फुईईई. आईनं त्यावर उपाय काढला होता, कानांवरून घट्ट स्कार्फ. माझं सगळं बालपण मागच्या सीटवर गेलं, आणि समोर एकच देखावा: बाबांचे ओठ हलतायत, आई मान हलवतेय, आणि मध्ये फुईईई.

आता यात मी कुठे आले? तर मी दूरदेशी सहा वर्षं शिकून परत आले. कशात शिकले?

रबरात.

नाही नाही, मनापासून हसा, मला सवय आहे. दोनशे चौदा पानांचा प्रबंध आहे माझा. विषय: ताणलेलं रबर मूळ आकारात किती वेळात परत येतं. आईनं फोनवर विचारलं होतं, "मग, येतं का परत?" म्हटलं, हो. म्हणाली, "मग दोनशे पानं कशाला?" मी तिकडेच राहू शकले असते, पण परत येताना विमानात मी वहीत लिहिलं: 'आपण वस्तू फेकणारी नाही, वस्तू जपणारी माणसं आहोत.' खाली दोन रेघा मारल्या. शेजारच्या प्रवाशालाही वाचून दाखवलं. तो बिचारा झोपल्याचं सोंग करत होता, पण मी वाचलं.

आणि घरी आले, थोरलीच्या काचेवरून बोट फिरवलं, रबराचा तुकडा बोटात आला. सुकलेला, पापडी झालेला. तुम्हाला सांगते, मला भरून आलं. वाटलं, हेच. याचसाठी मी परत आलेय. चाळीस वर्षं माझी आई मांडीवर टॉवेल घेऊन बसली आणि मुलगी रबराची पंडित.

मग मी काय केलं? कुणाला विचारलं? छे. बाबा दुपारचे झोपले होते, मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, म्हटलं काच अलगद काढू, नवीन रबर घालू, उठतील तेव्हा चहाबरोबर आश्चर्य. रबराखाली टोक सारलं. थोडं उचललं. अजून थोडं…

टण.

एवढाच आवाज. मोठा नाही. चमचा पडावा तेवढा. आणि त्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली, सावकाश, अगदी निवांत, जणू फिरायला चाललीय, आणि काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

बाबा आले. बघितलं. मी म्हटलं आता बोलतील, आता बोलतील. तर म्हणाले, "तुला लागलं नाही ना?"

ओरडले असते तर परवडलं असतं हो.

तसली काच आता बनत नाही. वाकडी काच ती, दोन्ही बाजूंनी किंचित वळलेली. मी चार महिने शोधत होते. पत्र लिही, फोन कर, गोदामवाल्याच्या मागे लाग. आणि हे चार महिने रिकामे कशाला घालवा, म्हणून मी थोरलीच्या बाकीच्या सगळ्या रबरांचा समाचार घेतला. चारही दारं, चारही खिडक्या, पुस्तकाप्रमाणे, मिलिमीटर मोजून. दार लावलं की थप्प… तिजोरी लागावी तसं. खिडक्यांच्या काचा तर नव्या रबरात इतक्या प्रेमानं बसल्या की वर गेल्या त्या खाली यायला तयारच होईनात. मी म्हटलं येतील हळूहळू. हा खिडक्यांचा मुद्दा लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

आणि या चार महिन्यांतच बाबांचे डोळे दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाई कडक. म्हणाल्या, "लायसन कधी संपतंय?" बाबा म्हणाले, "पुढच्या महिन्यात, वीस तारखेला, रविवारी." "तोवर दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यानं, सावकाश चालवा. त्यानंतर किल्ली दुसऱ्याला द्यायची. मी सही देणार नाही, चहा पाजलात तरी नाही."

बाबा घरी आले. जेवले. हात पुसता पुसता म्हणाले, "काच आली का गं?" बस. दुसऱ्या दिवशी सकाळी, "काच आली का गं?" तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, बाबा, काय आहे नक्की? तर म्हणाले, "काही नाही. तुझ्या आईला एकदा तळ्याकडे न्यायचं राहिलंय. वळणावर. मी चालवतोय तोवर."

म्हणजे आता बघा. गाडी बाबांची. लायसन बाबांचं. रविवार शेवटचा. आणि काच फोडली कुणी? दोनशे चौदा पानांनी.

बुधवारी काच आली. बुधवारी. रविवारच्या आधी मोजा किती दिवस ते. लाकडी पेटी, आत पेंढा, पेंढ्यात ती. अख्खी. मी तशीच रबराच्या दुकानात पळाले. रबरकाकांचं दुकान म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत रबरंच रबरं लोंबतायत, आत शिरायचं तर वाकून. काकांनी माझ्या हातातला जुना तुकडा घेतला, नाकाला लावला, वितीनं मोजला आणि वर न बघता आकड्यानं एक वेटोळं खाली ओढलं. "हे तुमच्या गाडीचं." मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, मीसुद्धा रबर शिकलेय." म्हणाले, "कुठल्या दुकानात?"

आता काय सांगणार?

मग त्यांनी सांगितलं. "ताई, आधी रबर काचेला चढवायचं. त्याच्या दुसऱ्या खाचेत दोरी फिरवायची, सगळीकडून. दोन टोकं खाली मधोमध आत ठेवायची. काच बाहेरून चौकटीला लावायची. एकानं बाहेरून दाबायचं, एकानं आत बसून दोरी ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढत जातो. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. नुसती दोरी ओढायची. मी येऊ का?"

आणि इथे, मंडळी, माझं शिक्षण आडवं आलं. म्हटलं, "नको काका. माणसानं आपल्या वस्तू आपल्या हातानं दुरुस्त केल्या पाहिजेत." त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. हातांकडेच.

गुरुवार. गुरुवारी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण मोठ्यानं सांगायची लाज वाटते. रबराला दोन खाचा असतात. एक काचेची, एक पत्र्याची. सकाळी नऊ ते दुपारी एक, चार तास, मी आणि बाबांनी जेवणाच्या टेबलावर त्या काचेला रबर चढवलं. एक कोपरा बसवला की दुसरा सुटायचा. दुसरा बसवला की पहिला हसायचा. बाबा म्हणायचे, "धर तिकडून." मी म्हणायचे, "बाबा, याची ताणशक्ती…" ते म्हणायचे, "ताणशक्ती नंतर धर, आधी रबर धर." एक वाजता एकदाचं चढलं. दोघं मागे सरून बघत उभे राहिलो, अगदी नवं बाळ बघावं तसं. आई चहा घेऊन आली. एक नजर टाकली. म्हणाली, "अभ्रा उलटा घातलाय का?"

मी म्हटलं, "आई, हा अभ्रा नाही."

"ते कळतं मला. पण शिवण बाहेर आलीय."

उलटं. रबर उलटं होतं. काच पत्र्याच्या खाचेत आणि पत्र्याची खाच… जाऊ दे. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "प्रबंधात ही बाजू कुठे असते?" म्हटलं, पान एकशे तीस, आकृती सात. "मग आकृती उलटी छापली असेल," म्हणाले आणि रबर सोडवायला बसले. समजूत घालायची ही त्यांची पद्धत.

शुक्रवार. शुक्रवारी मात्र सगळं बरोबर. खाच बरोबर, दोरी बरोबर, साबणाचं पाणी तयार, कारण रबर सुकं असलं की पत्र्यावर सरकत नाही. मी साबण सढळ हातानं लावला. थोडा काचेला, थोडा चौकटीला, थोडा बॉनेटवर सांडला तो तसाच. आईनं काय केलं असेल? घरातल्या सगळ्या गाद्या आणून गाडीच्या पुढे अंथरल्या. मी म्हटलं, "हे कशाला?" म्हणाली, "कशाला नाही. ऊन दाखवते गाद्यांना." ऊन होतं दुसऱ्या बाजूला.

मी आत बसले दोरी धरून. बाबा बाहेर, काचेवर दोन्ही तळवे. बाबांचा हुकूम, दारं लावून घे. का, तर उघड्या दारांनी गाडीचा सांगाडा हलतो आणि काच तिरकी बसते. बरोबर आहे. लावली दारं. थप्प, थप्प, थप्प, थप्प. खिडक्या आधीच वर. आठवलं ना? तो मुद्दा.

तर आता मी आत, बाबा बाहेर, मध्ये काच, आणि सगळीकडून माझ्या हातचं, मिलिमीटर मोजून बसवलेलं रबर. आवाज आत यायला मुंगीच्या वाटेएवढी फट नाही. बाबांचे ओठ हलतायत. अगदी लहानपणीसारखे. मी कान टवकारले. आला, आवाज आला, लांबून, पाण्याखालून आल्यासारखा: "…ओड."

सोड? बरं. सोडली दोरी.

बाबांनी डोळे मोठे केले. पुन्हा, "…ओड."

सोडली की हो. अजून किती सोडू? हात वर करून दाखवले, रिकामे. तिकडे बसत आलेला ओठ दोरी सुटल्याबरोबर पुन्हा बाहेर. बाबा लाल. "ओड गं, ओड."

मी आतून ओरडतेय, "सोडलीय बाबा, सोडलीय." त्यांना काय ऐकू आलं असेल? 'ओढलीय.' मग ते म्हणाले, "मग अजून ओढ." मला ऐकू आलं, "मग अजून सोड." आता दोरी सोडून झाल्यावर माणूस अजून काय सोडेल? श्वास सोडला. बाहेरून ते 'ओठ बघ, ओठ' म्हणत होते, असं नंतर कळलं, आणि मला वाटलं अखेर 'ओढ' म्हणाले, म्हणून मी सगळा जोर लावून ओढली… डावं टोक सोडून उजवं.

काच सुटली.

सुटली म्हणजे पडली नाही. निघाली. बॉनेटवर साबण होता ना, सढळ हातानं… त्यावरून ती काच बाबांच्या हातांतून माशासारखी निसटली, सावकाश, अगदी निवांत, ती पहिली रेघ निघाली होती तशीच, आणि बॉनेटच्या टोकावर क्षणभर थांबली. मी आतून बघतेय. चार महिने. रविवार. तळं. सगळं त्या टोकावर. आणि मग खाली.

फुस्स.

गादी. माझ्या पलंगावरची, कापसाची, मऊ. काच तिच्यावर अशी पहुडलेली, जणू दुपारची वामकुक्षी.

मी दार उघडायला जाते तर दारसुद्धा इतकं घट्ट की दोन लाथा घालाव्या लागल्या. बाहेर पडून म्हटलं, "तुम्ही सोड म्हणालात."

"मी ओढ म्हणालो. ओ. ओ-ला सो कसं ऐकतेस?"

"काचेतून, बाबा."

"मी स्पष्ट बोललो."

आई गादीवर काचेशेजारी बसली होती, मांडी घालून, एक हात काचेवर. म्हणाली, "मी इथे दोन हातांवर होते. मला 'गोड' ऐकू आलं."

मला हसू आलं. बाबांना नाही आलं. साबणाचे हात तसेच समोर धरलेले, आणि म्हणाले, "राहू दे. अख्खी आहे तोवर पेटीत ठेव. नाही व्हायचं आता हे." आणि आत जाऊन खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा काढला, पुसला. थोरलीकडे पाठ करून बसलेले बाबा मी जन्मात पहिल्यांदा बघितले.

तुम्हाला सांगते, मूळ आकारात परत यायला रबराला किती वेळ लागतो ते मी सेकंदात सांगू शकते. माणसाचं कुणी मोजलेलं नाही.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी रबरकाकांच्या पायरीवर. काका आले, कुलूप काढायच्या आधी माझी बोटं बघितली. म्हणाले, "बसली?" म्हटलं, "नाही काका." "काय अडलं?" म्हटलं, "नुसती दोरी ओढायची होती. तेवढंच जमलं नाही."

हसले नाहीत हो. किल्ली परत खिशात टाकली आणि निघाले माझ्याबरोबर.

अवजारं काही नाहीत. मोकळे हात. आले, बादली उपडी घातली, तिच्यावर बसले. काचेला हात लावला नाही. सगळं ऐकून घेतलं, ओढ, सोड, गोड. मग म्हणाले, "काचेआडून तोंडानं बोलायचं नसतं ताई. बोटानं बोलायचं. एक टिचकी, ओढ. दोन टिचक्या, थांब. जिथे टिचकी वाजेल तिथली दोरी. बाहेर तुम्ही राहा. आत साहेबांना बसवा."

बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "मला नीट दिसत नाही आता."

"दिसायचं काय त्यात? ऐकायचं नि ओढायचं. आणि दोरीला टोकं दोन असतात, बाईसाहेबांनाही बसवा."

आई म्हणाली, "मला काय येतं त्यातलं?" आणि म्हणता म्हणता पुढच्या सीटवर जाऊनही बसली. सवयीनं मांडीवर टॉवेल घेतला.

मी आणि काकांनी काच चौकटीला लावली. या वेळी साबण बेतानं. काका परत बादलीवर. थप्प, थप्प, दारं बंद. आत शांतता, बाहेर शांतता. मी काचेच्या खाली मधोमध डावीकडे बोट नेलं, एक टिचकी. टक्. आत बाबांची दोरी इंचभर हलली आणि रबराचा ओठ… कसा सांगू… पत्र्यावर असा चढला, जशी मांजर कुशीत येते. उजवीकडे टक्. आईची दोरी हलली. टक्. बाबा. टक्. आई. कोपऱ्यावर ओठ अडला, टक् टक्, दोघं थांबले. मी तळव्यानं दाबलं. टक्. चढला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. खरंच. मान थोडी तिरकी, टिचकी ऐकत, आणि हात इतके शांत. दोन्ही टोकं दोन बाजूंनी वर चढत गेली, वर मधोमध आरशाच्या डोक्यावर आली, शेवटची टक्, आणि दोघांचे हात एकमेकांना लागले. दोरी निघाली. पट्.

बसली.

मग आत बाबा आईला काहीतरी म्हणाले. आई हसली. मी काचेला नाक लावून उभी, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. इतकं उत्तम बसलं होतं रबर.

काका बादलीवरून उठले. दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली. "पुस्तकात एक पान वाढवा ताई." म्हटलं, कशाचं? "टिचकीचं." दोनशे पंधरा. लिहिणार आहे मी.

रविवार. वीस तारीख. बाबा चालवतायत, आई शेजारी, मी मागे. आईनं स्कार्फ बांधलेला, मांडीवर टॉवेल. वीस, तीस, चाळीस… आम्ही तिघंही शिट्टीची वाट बघतोय. पंचेचाळीस. काही नाही. आईनं हळूच स्कार्फ खाली घेतला. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती हो, ते डॅशबोर्डवरचं घड्याळ चालतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

तळ्याचं वळण दिसायला लागलं. आणि बाबा साध्या आवाजात म्हणाले, "थांबू का?"

आई चमकली. "काय म्हणालात?"

"वळण आलं. थांबू का, विचारतोय."

"आज बरं विचारलंत."

"आज?" बाबांनी वेग कमी केला. "अगं, एकेचाळीस वर्षं विचारतोय. जाताना, येताना. तू दर वेळी मान हलवतेस. नको म्हणून."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "नको म्हणून नाही हो. ऐकू येत नाही म्हणून हलवायचे. मला वाटायचं, पुढच्या ट्रकला शिव्या घालताय."

आईनं बोट उचललं, समोरच्या काचेवर नेलं, आणि दोन टिचक्या.

टक् टक्.

थांबली गाडी. दोघं उतरले. मी नाही उतरले. कुणी बोलावलंही नाही. बंद काचेतून मला पाठमोरे दिसत होते, मध्येच बाबांनी पाण्याकडे हात केला, काहीतरी दाखवलं. मी रडले वगैरे नाही. नव्या रबराच्या वासानं डोळे चुरचुरतात, पान एकोणसाठ.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपते कुठे? परतीचा रस्ता होता ना.

बाबांना कळलं की आपलं ऐकू जातंय. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग काय विचारता… "हा पूल बघ, हा बांधला तेव्हा मी याच्या खालून सायकल नेली होती, आणि तो समोरचा बघ कसा चालवतोय, गिअर बदलायची वेळ का ही, आपल्या लग्नाच्या वर्षी इथे एकच पंप होता, त्याचा मालक माझा वर्गमित्र, नाही, वर्गमित्राचा भाऊ, त्याचं नाक असं होतं…" आईचं सुरुवातीला, "हो का? मग?" मग नुसतं "हो का." मग "हं." मग तोही अर्धा. बाबा पंपवाल्याच्या मेव्हण्यापर्यंत पोचले आणि आईनं काचेवर बोट नेलं.

टक् टक्.

बाबांनी करकचून ब्रेक मारला. "काय गं? उतरायचंय? बरं वाटत नाही?"

आई म्हणाली, "गाडी नव्हे हो. तुम्ही."

दोन मिनिटं घड्याळाची टिकटिक. मग, "तर मी काय सांगत होतो, तो मेव्हणा…"

घरी आलो. बाबांनी गाडी लावली, तळव्यानं बॉनेट थोपटलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली. "उद्यापासून तू. मी शेजारी बसेन." मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं, सांगता सोय नाही. वहीत लिहिलं. दोन रेघा मारल्या.

आता महिना झाला. मी चालवते. शेजारी बाबा. "क्लच. क्लच सोड. सोड म्हणतोय, ओढ नाही. पुढे खड्डा. तो मागे गेला तोसुद्धा खड्डाच होता. तर तो मेव्हणा…" मला सगळं ऐकू येतं. प्रत्येक अक्षर. आणि टिचकी वाजवू म्हटलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर. आरशात बघते तर आई मागच्या सीटवर, ऐसपैस, चेहऱ्यावर काय समाधान… आणि कानांवर घट्ट स्कार्फ. शिट्टी नाही, काही नाही, तरी बांधून बसते.

म्हणून मी तुम्हा सगळ्यांकडे आलेय. तुमच्यापैकी कुणाकडे एखादं जुनं रबर असेल का हो? चाळीसेक वर्षांचं, वाळलेलं, चांगलं शिट्टी मारणारं? बसवायची काळजी करू नका. ते मी बघते. त्यात काय आहे…

नुसती दोरी ओढायची.